जिल्दोची भिंत

जिल्दो झांकेत्ता माझ्या वखारीच्या फाटकात दिसला, की माझ्या डोक्यात तिडीक जायची. वय शहाऐंशी, गुडघे गेलेले, पण तोंड ठणठणीत. वृद्धाश्रमाची गाडी त्याला चर्चला म्हणून सोडायची आणि हा तिथून काठी टेकत थेट माझ्याकडे यायचा. आत येऊन बसायचा नाही. फाटकातच उभा राहून, गिऱ्हाइकं ऐकतील अशा बेताने ओरडायचा.

"निवेस! आज किती फोडल्यास माझ्या?"

'माझ्या' म्हणजे विटा. आमच्या क्लबचा हॉल पाडला आणि त्याचा माल माझ्याकडे आला, तेव्हापासूनचं हे लचांड. पाडलेल्या इमारतींचं लाकूड, दारं, कौलं, विटा, सगळं मी घेते, साफ करते आणि विकते. अ‍ॅडलेडच्या या बाजूला निम्म्या नव्या घरांची अंगणं माझ्या जुन्या विटांनी फरसलेली आहेत.

हॉल आमच्याच लोकांनी बांधला होता. इटलीतल्या व्हेनेतोहून आलेली माणसं. आठवडाभर दुसऱ्यांची घरं बांधायची आणि शनिवार-रविवारी फुकटात हा हॉल. पूर्वेची भिंत जिल्दोची, पश्चिमेची माझ्या वडिलांची, ओत्तोरिनोची. दोघे एकाच बोटीतून उतरलेले. जिल्दोने तर बाप्तिस्म्याला मला हातावर घेतलेलं, म्हणून मी त्याला 'सांतोलो' म्हणायची, धर्मपिता. पण भिंती उभ्या राहिल्या आणि मैत्री गेली. वडील विटा सांधायच्या मालात चुना सढळ हाताने घालायचे. जिल्दो जवळजवळ नुसतं सिमेंट वापरायचा. वडिलांच्या मालाला तो 'पोलेंटा' म्हणायचा. मक्याची पेज. त्या हॉलमध्ये लग्न असो, की डुकराचे सॉसेज भरायचा दिवस असो, दोन पेले पोटात गेले की हा वडिलांच्या भिंतीवर नख ओढायचा आणि म्हणायचा, "ओत्तोरिनो, वाढ रे थोडी पोलेंटा!" सगळे हसायचे. वडीलही हसायचे. घरी आले की जेवायचे नाहीत. ते मेले तरी हा विनोद काही मेला नाही, त्यांच्या तेराव्या-चौदाव्या वर्षश्राद्धालाही कोणीतरी तो केलाच.

आता हॉल गेला, तिथे फ्लॅट होणार. क्लबच्या कमिटीने ठरवलं, की वृद्धाश्रमाच्या बागेत मादोन्नाची, म्हणजे मेरीमातेची, एक देवळी बांधायची, गावाकडे रस्त्याच्या कडेला असते तशी. आणि ती जिल्दोच्या भिंतीच्या विटांची बांधायची, कारण बांधणाऱ्यांपैकी तोच एक जिवंत. मी हो म्हटलं. धंदा तो धंदा.

माझ्याकडे सेमिसी नावाचा टोंगन गडी आहे. छोट्या कुऱ्हाडीने तो वीट अशी सोलतो, की बघत राहावं. वडिलांच्या भिंतीचा ढीग त्याने हां हां म्हणता साफ केला. चुन्याचा माल, दोन टोले घातले की गळून पडतो आणि वीट नव्यासारखी हातात. मग जिल्दोचा ढीग घेतला. पहिली वीट तुटली. दुसरी तुटली. सिमेंट विटेपेक्षा घट्ट, ते वीट सोडतच नव्हतं. वीट मधोमध जायची आणि माल जिथल्या तिथे.

"बाई, ह्याचा फक्त चुरा होईल," सेमिसी म्हणाला.

मी कमिटीच्या दानिलाला तसं कळवलं. संध्याकाळपर्यंत जिल्दोला कळलं आणि रविवारपर्यंत अख्ख्या चर्चला: ओत्तोरिनोची पोरगी बापाचा सूड उगवतेय, जिल्दोच्या विटा मुद्दाम फोडतेय. दोन गवंड्यांनी दिलेल्या ऑर्डरी मागे घेतल्या. चर्चमध्ये बायका माझ्या बाकावर बसेनात. शेवटी दानिलाचा फोन आला.

"निवेस, राग मानू नकोस. कमिटी म्हणते, सगळा माल दुसऱ्या वखारीत हलवू. आणि का हलवतोय ते लोकांना सांगावं लागेल."

हे सांगितलं असतं, तर माझी वखार संपलीच होती. माझी गिऱ्हाइकं म्हणजे हेच लोक, यांची मुलं, यांचे जावई.

"हलवा," मी म्हटलं, "पण आधी रविवारी प्रार्थना झाली की सगळे इकडे या. सांतोलोच्या हातात कुऱ्हाड देते. त्याच्या विटा त्यालाच सोलू दे."

आले. यायचेच होते, तमाशा कोणाला नको असतो? मी ढिगाजवळ खुर्ची ठेवली, समोर ओंडका आणि ओंडक्यावर कुऱ्हाड.

"मला शिकवतेस?" जिल्दो खुर्चीत बसत म्हणाला. "तुझ्या बापाला थापी धरायला मी शिकवलंय."

"मग बघू द्या की सगळ्यांना."

पहिली वीट दोन तुकडे. तो हसला. "कुऱ्हाड बोथट ठेवलीय बघा हिने." सेमिसीने दुसरी दिली. पुन्हा दोन तुकडे. मग तीन. मग नुसता भुगा. त्याचा हात मात्र चुकत नव्हता, हे मला कबूल करायला हवं. जिथे मारायला हवं तिथेच मारत होता. म्हातारा घामाने निथळला. मला इतका आनंद होत होता, की मी तोंडावर हात धरला.

"वरच्या नकोत," तो सेमिसीवर खेकसला. "तळातली दे. वर हिने बघून बघून कुजक्या ठेवल्यात."

सेमिसीने तळातून एक डिखळ ओढून काढलं. जिल्दोने टोला घातला. माल भसकन गळला आणि त्याच्या हातात वीट आली. अखंड, लालभडक.

टाळ्या पडल्या. कोणीतरी शिट्टी मारली. जिल्दोने वीट डोक्यावर धरली. "बघा! ही माझी वीट! आता बोल म्हणावं ओत्तोरिनोच्या पोरीला!"

मी हरलेच, असं मला वाटलं. मग मला त्याच्या बाहीवर पांढरं दिसलं. मनगटापासून कोपरापर्यंत चुन्याची पांढरी भुकटी, सिमेंटची करडी नाही. मी खाली पडलेलं डिखळ पायाने उलटं केलं. त्यात छपराचा गंजलेला बोल्ट होता.

भिंत पाडताना वरचा भाग आधी येतो. पहिल्या ट्रकमध्ये आला आणि ढिगाच्या तळाशी गेला.

"सांतोलो," मी म्हटलं, "छपराखालचे थर रचायच्या वेळी तुम्ही कुठे होता?"

त्याने हात खाली घेतला.

"परातीवरून पडून खांदा मोडला होता तुमचा. हॉस्पिटलात होता. छप्पर यायचं होतं आणि भिंत अर्धवट. पुरी कोणी केली?"

परात म्हणजे परांची म्हणायचं होतं मला, रागात जीभ वळत नव्हती. पण कोणी हसलं नाही.

"आईने सांगितलंय मला. पापांनी, तुमच्या ओत्तोरिनोने, केली. दिवसाचं काम उरकून, रोज. तुम्हाला कमीपणा नको म्हणून कोणापाशी बोलले नाहीत. आणि तुम्ही बरे होऊन आलात ते पोलेंटा मागतच आलात. बाही बघा तुमची. ही पोलेंटाच आहे."

सगळ्यांनी त्याची बाही बघितली. त्यानेही बघितली. नाही म्हणाला असता तर माझ्याकडे काय पुरावा होता? आई गेली, पापा गेले. पण तो नाही म्हणाला नाही.

"माझ्या भिंतीत," तो म्हणाला, "त्याचं काही नको."

आणि त्याने ती वीट ओंडक्यावर ठेवली आणि कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूने घाव घातला. एकदा नाही, तिचा चुरा होईपर्यंत.

"अहो, फोडलीत की हो तुम्ही!" दानिला ओरडली.

तो हातातली कुऱ्हाड तशीच धरून बसून राहिला. लोक एकेक करून फाटकाकडे सरकले. माझ्याकडे कोणी बघेना, त्याच्याकडेही बघेना. सोमवारी दोन्ही गवंड्यांचे फोन आले. माल हलवायचं पुन्हा कोणी नाव काढलं नाही.

त्या तळातून तशा आणखी बऱ्याच अखंड विटा निघाल्या. त्या आणि पश्चिमेच्या भिंतीच्या मिळून देवळी झाली. गवंड्याने विचारलं, माल कसा कालवू? मी म्हटलं, चुना सढळ घाल. कधीतरी हीसुद्धा पाडतील, तेव्हा विटा धडधाकट निघायला हव्यात.

देवळी जिल्दोच्या खिडकीसमोर आहे. नर्स सांगते, तो पडदा ओढून घेतो. मी दर गुरुवारी मेणबत्ती लावायला जाते आणि नर्सला तो पडदा उघडायला लावते.