कोटाची दोन बटणं

या घरात भांडण हातघाईवर आलं की पत्ते निघत. कायदा आबांचाच. दोन्ही मुलगे वरच्या खोलीवरून एकमेकांची गचांडी धरून बसले होते, तेव्हा आबांनी दुकानातलं कापड बेतायचं टेबल मोकळं केलं, बटणांचा डबा उपडा केला आणि म्हणाले, "एक डाव. जिंकेल त्याचं ऐकायचं. मागाहून कुरकुर करेल त्याची विजार मी शिवणार नाही." तेव्हापासून लेकीच्या लग्नाचा हॉल काय, आईच्या बांगड्या काय, सगळं पोकरवर ठरलं. पोकर आबा तरुणपणी एका क्लबात शिकले होते, वेटरांच्या कोटांची मापं घेता घेता.

प्रत्येकाच्या हातात दोन पानं, टेबलावर एकेक करत पाच उघडी, आणि या सातांतून ज्याचा पाच पानांचा मेळ सरस तो जिंकला. त्यांच्या पोकरमध्ये बोली ठरलेली असे. पहिल्या दोन फेऱ्यांत शर्टाचं एक बटण, पुढच्या दोन फेऱ्यांत कोटाचं एक. फार तर कुणी ती दुप्पट करावी. सगळा ढीग पुढे लोटून समोरच्याला घाम फोडायची सोय नव्हती. "घरातल्या घरात कुणी कुणाला दांडगाईनं उठवायचं नाही," असं आबांचं म्हणणं. परिणाम असा की पानं टाकून कुणी डावातून उठतच नसे. एका बटणासाठी कोण उठतो? सगळे शेवटपर्यंत ठाण मांडून बसत, डाव फुगत जाई, आणि ज्याची पानं सगळ्यांत चांगली तोच बहुधा मार खाई. चार फुटकळ हातांपैकी एकाला तरी नेमकं हवं ते पान येतंच. घरोघरी हेच होतं. पत्त्यांत ते लवकर दिसतं, एवढंच.

आज डावावर खुद्द आबा होते.

अर्धांगाच्या झटक्यानं त्यांची उजवी बाजू आणि वाचा नेली होती. डोकं तेवढं शाबूत ठेवलं होतं. सगळ्यांत वाईट ते. थोरल्याचं म्हणणं, दुकान विकावं आणि आबांना वृद्धाश्रमात ठेवावं. लेक म्हणत होती, आळीपाळीनं दोन-दोन महिने. जावयाचंही तेच, फक्त पाळी थोरल्यापासून सुरू व्हावी. धाकट्याला दुकानाच्या जागी मोबाइलचा गाळा हवा होता. आबांचं काय करायचं, तर "बघू काहीतरी". आबांना काय हवं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. दुकानामागच्या खोलीतली आपली खाट, शिलाई मशीन आणि वरची खोली भाड्यानं देऊन त्या पैशांत देखभालीला ठेवलेला एखादा माणूस. डाव्या हातानं खाट, मशीन आणि जिना दाखवून त्यांनी ते तीनतीनदा सांगितलं होतं. थोरला दर वेळी म्हणाला होता, "कळलं, आबा, कळलं," आणि विषय बदलला होता.

म्हणून पत्ते पिसले जाऊ लागले, तेव्हा आबांनी चाकाची खुर्ची रेटत टेबलाशी आणली आणि डावा पंजा गड्डीवर ठेवला.

"आबांना पण वाटायची?" जावई म्हणाला.

"वाटा की. बिचारे. तेवढाच विरंगुळा," लेक म्हणाली.

थोरल्यानं मान डोलावली. आबा जिंकले तर त्यांचं ऐकावं लागणार होतं. या घरात डावाचा शब्द कुणी मोडला नव्हता. पण आबा जिंकतील असं कुणाला वाटलंच नव्हतं.

जावयानं पानं वाटली. आबांनी अंगठ्यानं आपली दोन पानं उचकून पाहिली. इस्पिकचा एक्का, बदामचा एक्का.

आबांनी बोली दुप्पट केली. सगळ्यांनी मुकाट्यानं दोन-दोन बटणं टाकली. टेबलावर तीन पानं उघडी झाली: चौकट राजा, इस्पिक नव्वी, किलवर चव्वी. आबांनी एक बटण सरकवलं. चौघेही आले. आता ढिगात पंधरा बटणं, आणि चार माणसं आबांच्या छाताडावर बसलेली. चौथं पान आलं, बदाम दुर्री. कुणाच्याच कामाचं नाही.

इथून बोली कोटाच्या बटणाची. आबांनी बोटानं टेबल वाजवलं: मी काही टाकत नाही. हा त्यांचा जुना सापळा. स्वतः एक टाकलं असतं, तर सगळे एकेक टाकून बसून राहिले असते. पण शेवटच्या खुर्चीवर जावई होता, आणि समोर शांतता दिसली की त्याला बोलल्यावाचून राहवत नसे. तो एक टाकणार, आपण दुप्पट करणार, आणि मधल्या तिघांना एकदम दोन मोजावी लागणार. एका बटणाला माणूस बसतो, दोन बटणांना विचार करतो.

थोरल्यानं टेबल वाजवलं. लेकीनं. धाकट्यानं. जावयानं कोटाचं बटण टाकलं. "चला, कुणीतरी काहीतरी करायला नको का!"

आबांनी डाव्या हातानं कोटाची दोन बटणं ढिगात लोटली.

थोरल्याच्या कपाळावर आठी पडली. "दोन? नाही बुवा. मी उठलो." त्यानं पानं उचलली. धाकट्याचा हातही आपल्या पानांकडे गेला. त्याच्याकडे गुलाम आणि दश्शी होती. राणी आली तरच काही होणार होतं. आबांना वाटलं, उठतायत. आयुष्यात पहिल्यांदा माझी मुलं टेबलावरून उठतायत.

"अरे थांबा रे!" लेक कळवळली. "त्यांचा हात कसा थरथरतो दिसत नाही का? एकाऐवजी दोन गेली." तिनं अलगद एक बटण ढिगातून काढलं, आबांच्या पुढ्यात ठेवलं आणि त्यांच्या मनगटावर हात फिरवला. "एकच टाकायचं असतं, आबा. असं."

आबांनी टेबलावर मूठ आपटली. बटण पुन्हा पुढे लोटलं.

"चिडू नका हो, बाबा," जावई म्हणाला. "चूक सगळ्यांची होते. आम्ही नाही ती मोजणार." आणि त्यानं ते बटण पुन्हा मागे सरकवलं. आबा घशातून काहीतरी ओरडले. लेकीनं पदरानं त्यांची हनुवटी टिपली.

"एकच असेल तर मी आहे," असं म्हणत थोरल्यानं पानं पुन्हा खाली ठेवली. आजारी बापाच्या चुकीचा फायदा घ्यायला तो काही हलकट नव्हता. लेकीनं एक टाकलं. धाकट्यानं ढिगाकडे पाहिलं, खांदे उडवले आणि एक टाकलं. "एवढ्या डावात एका बटणाचं काय?"

पाचवं पान आलं. बदाम राणी.

धाकटा जोरात श्वास घेऊन म्हणाला, "आईशप्पथ." पुढची फेरी नावापुरती झाली. त्यानं पानं मांडली: राजा, राणी, गुलाम, दश्शी, नव्वी. सिक्वेन्स. त्यापुढे एक्क्यांची जोडीही फिकी.

कुणी कुरकुर केली नाही. कायदाच होता तसा. धाकट्यानं उभ्या उभ्याच ठरवलं. महिनाअखेर दुकान रिकामं. आबा थोरल्यानं पाहून ठेवलेल्या वृद्धाश्रमात; तिथे उजेड भरपूर आहे म्हणतात. मशीन कुणी घेत असेल तर ठीक, नाहीतर भंगारवाला आहेच. मग तो टेप घेऊन दाराची रुंदी मोजू लागला, आणि थोरला दुसरं टोक धरायला गेला.

लेक पत्ते गोळा करत होती. आबांच्या बोटांखालची दोन पानं तिनं हळूच सोडवली आणि उलटली.

"अगंबाई! एक्के होते? आबा, अहो, मग सांगायचं नाही का?"

जावयानं वाकून पाहिलं. त्याला खरंच वाईट वाटलं. खुर्ची जवळ ओढून, आबांच्या खांद्यावर हात ठेवून, कमी ऐकू येणाऱ्याशी बोलावं तसा तो मोठ्यानं आणि सावकाश बोलू लागला. "बाबा, हे बघा. डाव मोठा असला, माणसं जास्त असली आणि हातात अशी पानं असली ना, की बोली दुप्पट करायची असते. म्हणजे बाकीचे उठतात. कळलं?"

आबांनी सगळं ऐकून घेतलं.