बाबांचा हात

बाबांची बोटं आपोआप हलू लागली तेव्हा लोक म्हणाले, न्हावी प्यायला लागला. बाबांनी उभ्या जन्मात दारूला हात लावला नव्हता. पण एकदा गिऱ्हाइकाच्या गालावर वस्तरा घसरला आणि दुकान ओस पडलं. पुढे चाल झोकांड्या खाऊ लागली, जीभही वळेना. ताईने त्यांना तान्ह्या लेकरासारखं भरवलं. आई मात्र मरेपर्यंत म्हणत राहिली, "लपवून पितो, मेला!"

आता बाबांमागे दुकान ताईच्या धाकट्या भावाचं होतं. समोरासमोरच्या दोन आरशांत त्याचा हात एकामागे एक असा लांबवर दिसे. कधी कधी त्याला वाटे, पार शेवटच्या हाताचं बोट जरा उशिरा थांबलं. तो दचकून वस्तरा खाली ठेवी.

मग चुलतभावाचेही हात तसेच हलू लागले, आणि तपासणीत रोगाचं नाव कळलं. बहीणभाऊ डॉक्टरीणबाईंकडे गेले.

"प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात," त्या म्हणाल्या. "एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. तुमच्या वडिलांची एक प्रत बिघडलेली होती. मुलाला त्यांच्या दोनांतली एकच मिळते. बिघडलेली मिळाली, तर आज ना उद्या रोग होतोच."

"म्हणजे आम्हा दोघांत एकाला?" त्याने विचारलं.

"नाही हो. ही काही जमिनीची वाटणी नाही. दोघांनाही येईल, किंवा कुणालाच नाही. प्रत्येकाचं नशीब वेगळं."

दोघांनी रक्त दिलं. तो सुटला. ताई सापडली.

दवाखान्याच्या पायरीवर त्याला हुंदका आवरेना. "माझ्या वाटचं तुझ्या माथी आलं गं."

"वेड्या, बाई काय म्हणाल्या? वाटणी नाही म्हणून!" ताईने त्याच्या पाठीत धपाटा घातला. मग हळूच म्हणाली, "बाबांना किती बोललो रे आपण सगळे."

आठवड्याने ती दुकानात आली आणि खुर्चीत बसली. "केस बारीक काप. पुढे वेणी घालायला जमायचं नाही. आणि पोरीला एवढ्यात काही बोलू नकोस. मोठी झाली की सांगेन मीच, तपासायचं की नाही ते तिचं ती ठरवेल."

त्याने कात्री चालवली. लांबसडक बटा फरशीवर पडत गेल्या. खाली ताईच्या पायाचा अंगठा मधूनच ठेका धरत होता.

"कुठलं गाणं घोळतंय मनात?" त्याने हसून विचारलं.

"गाणं? कुठलं गाणं?"

तो अंगठा हलतच होता. आपला पाय हलतोय, हे तिच्या गावीही नव्हतं.

"काही नाही," तो म्हणाला. "मान जरा खाली घे."