सहाशे तीन, जाताना

माझा मित्र गेला तेव्हा त्याचा वेग ताशी पाचशे बहात्तर किलोमीटर होता. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात तो सहाशे तीन झाला, आठवड्याभरात चौकातल्या फलकावर सहाशे पंचवीस, आणि शोकसभेच्या पत्रिकेवर साडेसहाशे. जिवंतपणी एकेका किलोमीटरसाठी ह्या माणसानं वर्षवर्ष हाडं झिजवली. मेल्यावर मात्र काही न करता तो नुसता वाढत होता.

मला हे बोलायचा अधिकार आहे, कारण पाचशे बहात्तर हा आकडा माझा आहे. गाडी त्यानं चालवली, वेळ मी घेतली. अडतीस वर्षांपूर्वी, आटलेल्या तळ्याच्या पांढऱ्याफटक तळावर, आमच्याकडे तोवर असलं खूळ कुणाच्या डोक्यात शिरलं नव्हतं तेव्हा, तो त्या लांबलचक गाडीत आडवा होऊन बसला आणि मी वेळयंत्रापाशी. अधिकृत वेळ-निरीक्षक म्हणून कागदावर सही माझी आहे. तो मला 'घड्याळ्या' म्हणायचा. मला राग यायचा, पण हाक मारली की मी ओ द्यायचो.

नियम सांगतो, म्हणजे पुढचं भांडण कळेल. मोजून आखलेल्या एका किलोमीटरमधून सुसाट जायचं, आणि तासाभराच्या आत उलट दिशेनं त्याच पट्ट्यातून परत यायचं. दोन्हींची सरासरी म्हणजे विक्रम. नुसतं गेलात तर पाठीशी वारा होता की जमिनीला उतार होता, कुणी सांगावं? म्हणून जो परत आला नाही, त्याचा आकडा धरत नाहीत. तो जाताना सहाशे तीननं गेला. पलीकडच्या टोकाला चाकं बदलली, आणि येताना पाचशे एकेचाळीसनं आला. सरासरी पाचशे बहात्तर. तरीही विक्रम झालाच, टोप्या उडाल्याच, पण ते मधले बासष्ट किलोमीटर कुठं गेले हे मला कधी कळलं नाही.

वारा नव्हता. जमीन आरशासारखी सपाट होती. इंजिन उघडून पाहिलं, ठणठणीत. सहीच्या त्या छापील कागदात 'वेगातील फरकाचे कारण' असा एक रकाना असतो. त्यात मी 'अज्ञात' लिहिलं आणि त्या एका शब्दानं अडतीस वर्षं माझ्या जिवाला घोर लावला. त्याला विचारलं की तो हसायचा आणि म्हणायचा, "येताना कसली घाई, घड्याळ्या?"

एरवी ह्या माणसाला घरात सगळे गोगलगाय म्हणायचे. जेवायला त्याला पन्नास मिनिटं लागत, मी मोजली आहेत. रस्त्यावर त्याच्या गाडीला सायकलवाले घंटी वाजवून मागे टाकत. वहिनी, म्हणजे त्याची बायको, भाजी घेऊन घरी पोचायच्या, निवडून ठेवायच्या, तेव्हा हा कोपऱ्यावरून वळत असायचा. मरतानाही त्यानं चार महिने घेतले.

शेवटच्या आठवड्यात मी दवाखान्यात बसलो होतो. वहिनी औषधं आणायला खाली गेल्या होत्या. त्यानं मला खुणेनं जवळ बोलावलं.

"दगड लावतील माझ्या नावाचा," तो म्हणाला. "नुसता जाण्याचा आकडा घालू देऊ नकोस. येण्याचापण घालायला लाव."

"सरासरी घालू की, नियमाप्रमाणे."

"सरासरी मरू दे. येण्याचा घाल. शब्द दे."

आयुष्यभर सरासरीला देव मानलेल्या माणसाला हे ऐकणं जड गेलं. पण मी शब्द दिला. का, हे विचारायचं राहून गेलं.

तो गेल्यावर तिसऱ्याच दिवशी स्मारक समिती उगवली. अध्यक्ष आमचे पेट्रोलपंपवाले. समितीत आणखी सात जण होते, पण ते फक्त फोटोत असत. मी पंपामागच्या त्यांच्या खोलीत गेलो. टेबलावर इंजिन ऑइलचे डबे, भिंतीवर त्यांचेच सत्काराचे फोटो, आणि पंख्याखाली फडफडणारा दगडाचा नकाशा. वर नाव, खाली मोठ्ठा आकडा: ६०३.

"निदान साडेसहाशे तरी नाही घातलं," मी म्हणालो.

"घालणारच होतो, पण पाथरवट म्हणाला, पाचाचं पोट कोरायला वेळ लागतो," अध्यक्ष म्हणाले. "बोला, तुमचं काय म्हणणं?"

मी नियम सांगितला. जाण्याचा सांगितला, येण्याचा सांगितला, सहीचा कागदही पुढे ठेवला. त्यांनी तो न वाचता त्यावर चहाचा कप ठेवला.

"काका, मेलेल्या माणसाचे बासष्ट किलोमीटर कापून आपल्याला काय मिळणार? माणूस गेला की त्याचं चांगलं तेवढंच बोलावं."

"पाचशे एकेचाळीस वाईट आहे? तुमची जीप नव्वदला थरथरते."

"जीपचा विषय काढू नका. इथे साऱ्या शहराची मान ताठ होतेय आणि तुम्ही वीतभर टेप घेऊन मोजत बसलाय."

मी कागद उचलला. सहीवर कपाचं गोल वर्तुळ उमटलं होतं. तिथून तडक पाथरवटाकडे गेलो. तो चौकाजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये दगडावर ओणवा झाला होता, भुवयांपर्यंत धूळ.

"६०३ पुसता येईल?"

"आजोबा, दगडाला खोडरबर नसतं," तो म्हणाला. "कोरलेलं काढता येत नाही. खाली जागा आहे, भर घालता येईल. पण अध्यक्षांनी सांगितलं तर."

म्हणजे घोडं पुन्हा पेट्रोलपंपावरच अडलं.

शोकसभा आणि दगडाचं अनावरण एकाच दिवशी ठेवलं होतं, म्हणजे पाहुण्यांचा वेळ वाचेल. देशातल्या सर्वांत वेगवान माणसाची सभा एक तास पन्नास मिनिटं उशिरा सुरू झाली. मी घड्याळ लावूनच बसलो होतो. चौकातल्या ज्या रस्त्याला त्याचं नाव दिलं, त्यावर चार गतिरोधक होते आणि पाटी होती: वेगमर्यादा तीस. ती पाटी मात्र त्याला आवडली असती.

भाषणं सुरू झाली. पहिल्या वक्त्यानं सहाशे सत्तर सांगितले, दुसऱ्यानं सातशेच्या आसपास. अध्यक्ष गहिवरून म्हणाले, "त्या ऐतिहासिक गाडीत त्यांच्या शेजारी बसण्याचं भाग्य मला लाभलं होतं." त्या गाडीत एकच आसन होतं. हे बहुधा मांडीवर बसले असावेत.

मग दोन मिनिटं शांतता पाळायचं ठरलं. सगळे उभे राहिले. मी घड्याळाची कळ दाबली. एकेचाळीस सेकंदांनी अध्यक्ष "धन्यवाद" म्हणाले आणि लोक धपाधप बसले.

"एकोणऐंशी सेकंद बाकी आहेत!" मी ओरडलो.

लोक हसले. पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "बसा हो काका, त्यांना आता कसली घाई?" मी बसलो नाही. मरणाचा संताप आला होता. ज्यानं शतांश सेकंदासाठी जीव पणाला लावला, त्याला हे लोक सव्वा मिनिटाला फसवत होते आणि मी काहीही करू शकत नव्हतो. शब्द दिला होता तोही पाण्यात चालला होता.

तेवढ्यात निवेदक म्हणाला, "आता वहिनीसाहेबांना विनंती, त्यांनी दोन शब्द बोलावेत."

वहिनी उठल्या. त्या सभेत बोलणाऱ्यातल्या नव्हेत. माइक त्यांच्या डोक्याच्याही वर होता, कुणी खाली केला नाही. त्यांनी दगडावरच्या पडद्याकडे पाहिलं, मग समोर.

"सावकाश या," त्या म्हणाल्या. आणि जाऊन बसल्या.

सगळे बुचकळ्यात. अध्यक्ष मात्र वाटेल त्यातून वाट काढणारे. त्यांनी माइक ओढला. "किती सुंदर संदेश! रस्ता सुरक्षेचा संदेश! एवढ्या वेगवान पुरुषाच्या पत्नी आपल्याला सांगताहेत, सावकाश या!" टाळ्यांचा कडकडाट झाला. पडदा ओढला, ६०३ उघडं पडलं, पुन्हा कडकडाट.

माझ्या डोक्यात काहीतरी खटकलं. सुतावरून स्वर्ग गाठायचा माझा स्वभाव नाही, पण उठून अध्यक्षांच्या कानाला लागलो. "ह्या संदेशाला दगडावर जागा द्या. ६०३ च्या पुढे 'जाताना', खाली 'येताना ५४१'. जाताना वेग, येताना संयम. वर्तमानपत्रवाले उभेच आहेत."

अध्यक्षांचे डोळे चमकले. "जाताना वेग, येताना संयम! वा! मलाही तेच सुचलं होतं." त्यांनी ते तिथल्या तिथे जाहीरही केलं. अडतीस वर्षं खरं बोलून जे जमलं नाही, ते एका थापेनं दोन मिनिटांत जमलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाथरवट कोरत होता. वहिनी आणि मी शेजारच्या कट्ट्यावर बसलो. छिन्नीचा आवाज चालू होता.

"वहिनी," मी विचारलं, "त्या दिवशी वारा नव्हता ना?"

"नव्हता, भाऊजी." त्या दगडाकडे बघत होत्या. "निघताना हे म्हणाले, 'येतो.' मी रोजच्यासारखं म्हणून गेले, 'सावकाश या.' कामावर जाताना म्हणायची तसंच. तुम्ही तिकडे यंत्रापाशी होतात. ह्यांनी मान डोलावली आणि काच लावून घेतली."

"आणि परत येताना?" मी विचारलं.

"परत आले ते हळू. हे निघाले त्या टोकाशीच मी उभी होते, मला दिसलं. तेव्हापासून कुणी सहाशे तीन म्हटलं की माझ्या काळजाला चर्र होतं. माझ्या तोंडून निघालं नसतं तर ह्यांचे बासष्ट गेले नसते. ह्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. पण मनात असेलच ना? काल सगळ्यांसमोर कबूल करून टाकलं. कुणाला कळलं नाही, बरंच झालं. आणि तुम्ही नेमका तोच आकडा कोरायला लावलात."

"मी नाही लावला," मी म्हणालो. "त्यानं लावला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"दवाखान्यात. तुम्ही औषधं आणायला गेला होतात. म्हणाला, सरासरी मरू दे, येण्याचा घाल. शब्द घेतला माझ्याकडून."

वहिनी पदर तोंडाला लावून तशाच बसून राहिल्या. पाथरवटानं एकदा मागे वळून पाहिलं आणि उगाच फुंकर मारून धूळ उडवली. थोड्या वेळानं वहिनी उठल्या, दगडापाशी गेल्या आणि 'येताना ५४१' वरची उरलेली धूळ पदरानं पुसून काढली. वरच्या ओळीला त्यांनी हातही लावला नाही.

घरी येऊन मी तो कागद काढला. कपाचं वर्तुळ वाळून तपकिरी झालं होतं. अधिकृत कागदात अडतीस वर्षांनी खाडाखोड करणं नियमात बसत नाही, हे मला माहीत आहे. तो नियम मीच लोकांना शिकवला. 'अज्ञात' वर मी पट्टी धरून एक सरळ रेघ मारली, शेजारी आजची तारीख घातली, आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं: 'घरून सांगितले होते.' खाली सही केली.