जखमी शत्रूपाशी थांबलेली आई

अनुया जो युद्धाचा गेम खेळायची तो पुण्याच्या ज्या कंपनीने बनवला होता, तिथेच तिला नोकरी मिळत होती. माणसं मारण्याचे खेळ बनवणाऱ्यांकडे जायला आईचा होकार तेवढा बाकी होता. म्हणून मालवीय नगरच्या फ्लॅटमध्ये तिने कंट्रोलर आईच्याच हातात दिला.

आई सरकारी इस्पितळात अपघात विभागाची डॉक्टर. गेममधल्या पडक्या घरात जखमी शत्रू दिसताच ती थांबली.

"अगं, गोळी घाल! त्याशिवाय पुढचं दार उघडत नाही."

"थांब गं, पोटात लागलंय त्याला. शुद्धीवर आहे का बघू दे."

"आई, तो गेममधला आहे. काही बोलत नाही तो."

पण तो बोलू लागला. आधी त्याने पाणी मागितलं, मग मुलीचं नाव घेत राहिला. अनुया स्क्रीनजवळ सरकली. ही मोहीम तिला तोंडपाठ होती, पण दर वेळी तिने दिसताक्षणी गोळी घातली होती.

"कुणी ऐकणार नाही हे ठाऊक असूनही त्याचं बोलणं लिहिलं कुणीतरी," आई म्हणाली. "जा तू त्यांच्याकडे."

होकार अनुयाला धड ऐकूही आला नाही. आईने कंट्रोलर तिच्या हातात परत दिला होता, आणि तो माणूस अजून बोलत होता.