लिफ्ट खाली येईना

ट्रॅक्टर आला त्या दिवशी रोपवाटिकेत सगळ्यात जास्त आनंद कुणाला झाला असेल, तर थोरलीला. थोरली म्हणजे आप्पांची मोठी मुलगी. कुदळीने वाफे करकरून तिच्या तळहातांची चामडी चपलेसारखी झाली होती, आणि आता दोन जाळीघरांमधल्या बोळातूनसुद्धा अंग चोरून जाईल असा छोटा ट्रॅक्टर दारात उभा होता. दुसऱ्याने वापरलेला, रंग उडालेला, पण मागच्या लिफ्टला रोटर जोडलेला. दांडा मागे ओढला की रोटर वर, पुढे ढकलला की खाली, आणि एकदा खाली आला की माती अशी भुसभुशीत की बोट घालावं. तिने ट्रॅक्टरभोवती दोन-चार फेऱ्या मारल्या आणि उगीचच त्याच्या बॉनेटवर थाप मारली.

सीटच्या खाली, पुढच्या बाजूला एक लोखंडी चकती होती, हाताने फिरवायची. ही कशाची, असं तिने विचारलं. आप्पा म्हणाले, तिला हात लावायचा नाही, आतलं सील जुनं आहे, फिरवलीस की सगळं तेल जमिनीवर. झालं. आप्पांनी सांगितलं म्हणजे सांगितलं. ट्रॅक्टर धुतानाही ती त्या चकतीवर फडकं धरायची, न जाणो पाण्याच्या जोराने हललीबिललीच तर.

आता थोरलीचं एक सांगायला हवं. आई गेली आणि आप्पांची कंबर धरली, तेव्हा हीच चांगली चाललेली नोकरी सोडून घरी आली. रोपवाटिका म्हणजे तेव्हा नुसता उकिरडा होता. हिने जाळ्या बदलल्या, कलमं बांधायला शिकली, गिऱ्हाइकांची बोलणी खाल्ली आणि तीच गिऱ्हाइकं टिकवली. धाकटा भाऊ तेव्हा एका मोबाइलच्या दुकानात होता. मग ते दुकान बंद पडलं, त्याआधीचंही पडलं होतं, आणि साहेब बॅग घेऊन घरी हजर. स्वभावाने गरीब हो, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण रोप कुठलं आणि तण कुठलं हे त्याला अजून विचारावं लागायचं.

आणि आप्पांनी काय करावं? दोघांना समोर बसवून सांगितलं की आता माझ्याच्याने होत नाही. पुढच्या हंगामाचे वाफे तुम्ही दोघं आळीपाळीने करा, आणि ज्याला ट्रॅक्टर नीट हाकता येईल त्याने पुढे रोपवाटिका चालवायची. थोरलीला मनातल्या मनात हसूच आलं. ही काय परीक्षा झाली? आप्पांना सरळ आपलं नाव घ्यायला संकोच वाटतोय, म्हणून हा सगळा खटाटोप, असं ती धरून चालली.

पहिली पाळी तिची. आप्पांनी स्वतः ट्रॅक्टर शेडमधून बाहेर काढून दिला, रोटर वर उचललेला. ती बसली, वाफ्याच्या तोंडाशी आली, दांडा पुढे ढकलला. रोटर तसाच. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. थोडा आणखी वर गेला, पण खाली यायचं नाव नाही. अधांतरी लोंबकळत राहिला.

तिने मिस्त्रीला फोन लावायला घेतला, तर आप्पा म्हणाले, कशाला, आपणच बघू, तेल कमी असेल. ती म्हणाली, आप्पा, तेल कमी असतं तर तो वरच गेला नसता, हा तर खाली येत नाहीये. आप्पांचा आवाज चढला. यंत्रं मी जास्त बघितलीत की तू? तिने जीभ चावली. खरं तर त्या एका क्षणी ती बरोबर होती, पण बापाशी कोण वाद घालणार?

मग काय विचारता. तिने रोटरखाली लाकडी ठोकळे रचले आणि पाठीवर झोपून ट्रॅक्टरखाली शिरली. तेल काढलं, गाळलं, परत भरलं. फिल्टर सोडवून डिझेलमध्ये धुतला. दांड्यापासून आत जाणारी प्रत्येक सळई आणि खीळ हलवून पाहिली. आणि आप्पा, दुखऱ्या कमरेचे आप्पा, तिच्या शेजारी जमिनीवर आडवे होऊन टॉर्च धरत होते. अजून आत बघ पोरी, त्या नटाच्या मागे बघ, असं सांगत होते. तिच्या डोळ्यांत तेल गेलं तर त्यांनी धोतराच्या सोग्याने पुसलं. तिला इतकं भरून आलं, की रोटर खाली आला काय आणि न आला काय.

नाहीच आला. दुसऱ्या दिवशी धाकट्याची पाळी. तो बसला, आणि रोटर लोण्यासारखा खाली. वाफे वाकडेतिकडे झाले, पण झाले.

असं पुन्हा झालं, आणि पुन्हा. तिच्या पाळीला लिफ्ट अडून बसायची, त्याच्या पाळीला, थोरली लांब जाळीघरात कलमं बांधत असताना, मुकाट्याने उतरायची. रोपं न्यायला आलेल्या एका जुन्या गिऱ्हाइकासमोर आप्पा हसत म्हणाले, यंत्राला पण हात कळतो. गिऱ्हाईकही हसलं. थोरली हसली नाही. तिच्या नाकी नऊ आले होते. ती दांडा कधी हळू ढकलून बघायची, कधी झटक्याने, कधी इंजिन मंद करून. शेवटी शेवटी तर गयावया करायची, निर्जीव लोखंडापुढे. एवढी वर्षं आपण स्वतःला फार कर्तबगार समजत होतो, तो सगळा भ्रमच होता की काय, असं तिला वाटायला लागलं. या वाटण्याचा मला फार राग येतो, पण लागलं खरं.

आणि मग तीच आप्पांकडे गेली. म्हणाली, रोपवाटिका त्यालाच द्या, मला नाही जमत. आप्पांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. शहाणी माझी पोर, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाफा कुठून धरायचा ते दाखवायला ती धाकट्याबरोबर गेली. तो सीटवर बसला आणि वाकून त्याने सरळ त्या चकतीला हात घातला.

"अरे, अरे, तेल सांडेल!" ती ओरडली.

"कसलं तेल?" त्याने चकती फिरवली. "ही उघडल्याशिवाय रोटर खाली कसा येईल, ताई?"

"तुला कुणी सांगितलं?"

"आप्पांनी. पहिल्याच दिवशी. उभा करताना बंद, काम सुरू करताना उघड." मग तिचं तोंड बघून तो चाचरला. "तुला माहीत नव्हतं? मला वाटलं, तुला तर आधीच सांगितलं असणार."

तिने त्याला खाली उतरवलं. स्वतः बसली. चकती बंद केली, दांडा ढकलला, रोटर हवेत. चकती उघडली, रोटर अलगद जमिनीवर. तिने तेच पुन्हा केलं, मग परत केलं, एवढ्यासाठी की कुठेतरी आपलीच चूक निघावी. चूक निघाली नाही. तेलाचा एक थेंबसुद्धा सांडला नाही.

आप्पा जाळीघरात टेबलाशी बसून पिशव्यांत माती भरत होते. ती समोर जाऊन उभी राहिली. मागोमाग धाकटाही आला आणि दाराशी थांबला. ती म्हणाली, चकती कशाची आहे ते मला कळलं. आप्पांचा हात मातीत थांबला. नाकबूल करतील, ओरडतील, काहीतरी करतील असं तिला वाटलं होतं, निदान तेवढं तरी. ते म्हणाले, बरं झालं, मलाही जड जात होतं.

"जड जात होतं?" ती म्हणाली. "माझ्या शेजारी झोपून टॉर्च धरत होतात, आप्पा. फिल्टर धू म्हणालात. माझे डोळे पुसलेत."

"तुला तोंडावर नाही म्हटलं असतं तर तू भांडली असतीस. आपल्याला जमत नाही, हे तुझं तुलाच वाटायला हवं होतं."

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. रोपवाटिका गेल्याचं दुःख तर होतंच, पण तिला आठवत होतं ते स्वतःचं गयावया करणं. ते सगळं हा माणूस ओसरीवरून बघत होता, आणि रोज संध्याकाळी उठून चकती बंद आहे ना, याची खात्री करून घेत होता.

आप्पा मग समजुतीने बोलायला लागले. त्याचं बघ, कुठे धड टिकत नाही, इथेही नाही टिकला तर त्याने जायचं कुठे? नावावर काहीतरी हवं त्याच्या. तू आहेसच की त्याच्या पाठीशी, कलमं काय त्याला बांधता येणार आहेत? मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "तुझी मला काळजी नाही. तुझं कुठेही भागेल."

"भागेल," ती म्हणाली. "पण मला इथे भागवायचं होतं."

तिने धाकट्याकडे बघितलं. तिला फार काही नको होतं. हे चूक झालं, एवढं एक वाक्य त्याने म्हटलं असतं तरी चाललं असतं. तो चपलेने जमीन उकरत राहिला. मग म्हणाला, "ताई, वाफे आजच व्हायला हवेत गं," आणि निघून गेला. थोड्या वेळाने ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला.

आप्पांनी खुरप्याने माती खालीवर केली, एक पिशवी अर्धी भरली आणि पुढचं, रोप लावायचं काम तिचं असायचं म्हणून टेबलावरून तिच्याकडे सरकवली. तिने ती घेतली नाही.