चांगल्या निकालाचा पत्ता

नणंदेच्या बाथरूममध्ये, आरशाखालच्या पेल्यात, लहान मुलीचा एक गुलाबी टूथब्रश उभा होता. त्याचा एकही केस वाकलेला नव्हता. शेजारचे ब्रश झिजून पसरलेले, मुळाशी पेस्टचा पांढरा थर धरलेले. हा मात्र कोरडा ठणठणीत. आरशासमोर उभ्या भावजयीच्या नजरेतून असलं काही सुटत नसे. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तिचं कामच ते होतं. ब्रश तिच्या लेकीचा होता, आणि लेक या घरात एक रात्रही झोपलेली नव्हती.

"अगं शास्त्रज्ञबाई, आत काय नमुने गोळा करतेस?" बाहेरून नणंद ओरडली. "त्या शाळेच्या तपासनीस बाई पत्ता बघायला येतीलच एवढ्यात!"

भानगड साधी होती. मोठ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक सरकारी प्राथमिक शाळा. ज्या बाजूला घर, त्या बाजूच्या शाळेत प्रवेश. नणंदेकडची शाळा चांगली म्हणून गाजलेली. निकाल लागला की फाटकावर टक्केवारीचा भलामोठा फलक चढायचा. हिच्या घराजवळच्या शाळेचं नाव निघालं, की लोक विषय बदलायचे. म्हणून भिंगरीचा, म्हणजे सहा वर्षांच्या लेकीचा, पत्ता कागदोपत्री आत्याकडे हलवायचा, असा नवऱ्याने घाट घातला होता. मुलीवर चांगले संस्कार व्हावेत म्हणून तिला आधी खोटं बोलायला शिकवणं चाललं होतं.

दोन्ही शाळांचे निकाल तिने एकदा शेजारी ठेवून पाहिले होते. शिकलेल्या आईबापांची मुलं दोन्हीकडे सारखीच पास होत होती. ज्यांचे आईबाप बांधकामावर नाहीतर दुसऱ्यांच्या घरी राबत होते, ती मुलं उलट घराजवळच्या शाळेत थोडी पुढेच होती. फरक इतकाच, की तिथे अशी मुलं वर्ग भरून होती आणि नणंदेकडच्या शाळेत बोटांवर मोजण्याइतकीच होती.

हे तिने नवऱ्याला समजावून सांगितलं होतं. "त्या शाळेचा निकाल चांगला लागतो, कारण चांगला निकाल लावणारी मुलंच तिथे जातात."

"तेच तर मी म्हणतोय!" नवरा खूश झाला होता. "तिथे शिकवतात कसं, ते मला सांगू नकोस. वातावरण, वातावरण महत्त्वाचं."

पाणी आधी गाळून बाटलीत भरायचं आणि मग विहीर शुद्ध असल्याचा दाखला द्यायचा, असं प्रयोगशाळेत कुणी केलं असतं तर त्याला घरी बसवलं असतं. इथे त्याचाच फलक लावत होते. पण ती एवढंच म्हणाली होती, "बघू." वर्षभर ती 'बघू'च म्हणत आली. भीती तिलाही वाटत होती. आकडे तिच्या बाजूने होते, पण मूल एकच होतं. नवऱ्याने त्या 'बघू'चा अर्थ आपल्या सोयीने लावला आणि बहिणीच्या घरात एक छोटा पलंग आणून टाकला.

आता तो त्याच पलंगावरची कडक घडीची चादर हाताने चुरगाळत होता.

"उशीला खळगा पाड," नणंदेने सुचवलं. "आणि ते क्रेयॉन जरा सांड खाली. नीटनेटकं पोर कुणाचं असतं का?"

"ताई, तू नाटकात जायला हवं होतंस," तो म्हणाला.

"जायचं कशाला? माहेरचं घरपोच येतंय की!"

तपासनीस बाई जिना चढून धापा टाकतच आल्या. पाणी प्यायल्या, पलंगाकडे पाहिलं, उशीकडे पाहिलं आणि हसल्या. "या इमारतीत कागदावर इतकी मुलं राहतात, की जिन्यात पाय ठेवायला जागा नसावी. आणि खाली बघावं तर एक सायकल दिसत नाही!"

नवऱ्याचा चेहरा पडला.

"अहो, घाबरू नका. चांगल्या घरच्यांचं आम्ही फार ताणत नाही. शेवटी आमच्या फलकाचीही काळजी असतेच की. मागे एक रंगारी आला होता, याच रस्त्यावर भाड्याने राहणारा. त्याच्याकडे मात्र विजेची तीन बिलं मागितली." त्यांनी पलंगाशेजारी उभ्या भिंगरीला जवळ ओढलं. "काय गं, कुठे राहतेस तू?"

"इथेच," भिंगरी घडाघडा बोलू लागली. "हा माझा पलंग. बाबा सोफ्यावर झोपतात. आई घोरते, म्हणून आत्या कानात कापूस घालते."

यातलं शेवटचं तिला कुणीच शिकवलेलं नव्हतं. नणंदेने पदराआड हसू दाबलं. नवरा तर लेकीला पहिला नंबर मिळाल्यासारखा फुलला.

"हुशार आहे हो!" तपासनीस बाई म्हणाल्या. "आणि रस्त्यापलीकडे एक शाळा आहे, तिथे का नाही जायचं?"

"तिथे तसली मुलं असतात."

"तसली म्हणजे कसली?" आईने विचारलं. ती बाथरूमच्या दारातून पुढे आली होती.

"ज्यांचे निकाल वाईट लागतात ना, तसली."

तपासनीस बाई खळखळून हसल्या. नणंदही हसली. "पोरीला कळतं, पण मोठ्यांना कळत नाही," नवरा तपासनीस बाईंकडे पाहत म्हणाला.

ती लेकीसमोर खाली बसली. "इस्त्रीवाल्यांची धाकटी त्याच शाळेत आहे आणि रोज संध्याकाळी तुझ्याशी खेळते. काल तुम्ही दोघी एकाच ताटात जेवलात. तीही तसलीच का?"

नवरा मोठ्याने खोकला. भिंगरीने आधी बाबांकडे पाहिलं, मग हसणाऱ्या बाईंकडे.

"हो," ती म्हणाली, आणि उत्तर बरोबर आलं का ते बघायला आईच्या तोंडाकडे पाहत राहिली.

तपासनीस बाईंनी पेनाचं टोपण काढलं. "चला, माझ्याकडून सगळं ठीक आहे. इथे फक्त आईची सही."

पेन पुढे आलं. तिने ते घेतलं नाही.

"आम्ही इथे राहत नाही," ती म्हणाली. "आम्ही रस्त्यापलीकडे राहतो, आणि भिंगरी तिथल्याच शाळेत जाणार आहे."