थेंब म्हणजे काय औषध नव्हे?

मित्रांनो, मी डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली आहे आणि मी जुनी आहे. जुनी म्हणजे पितळी हंड्यासारखी नव्हे. आमच्यात झाकण उघडून महिना झाला की म्हातारपण. ते मी केव्हाच ओलांडलं. त्यामुळे गोड बोलायला मला वेळ नाही.

एका स्वच्छ कारखान्यात, कुणाचा हातही न लागता मला भरलं, सील केलं. नागपूरच्या मेडिकलमधून माझ्या मालकिणीच्या, सुलेखाच्या भावानं आम्हा बहिणींना घेतलं आणि चिवड्याच्या पुड्यांत खुपसून अमेरिकेला, शॉमबर्गला धाडलं. एक बहीण गाडीत राहिली, एक ऑफिसच्या टेबलावर, एक उशाशी. मी पर्समध्ये.

सुलेखा सॉफ्टवेअरवाली. स्क्रीनसमोर बसली की पापणी लववायला विसरते. त्यात हिवाळाभर घरात हीटिंगची कोरडी हवा. डोळे चुरचुरले की मान मागे, थेंब आत. "हुश्श, जीव आला!" म्हणायची. तेवढंच कौतुक. मग पुन्हा पर्सच्या तळाशी, लिप बामखाली.

मीटिंगमध्ये तिचा मॅनेजर विचारायचा, "सुलेखा, लाँग नाइट?" बिचारी आठ तास झोपून आलेली असायची! पण वरच्या पापण्या ओघळल्या होत्या. त्यावर तिची मैत्रीण नीना म्हणाली, "अगं, जादा कातडी कापतात, बस. शुक्रवारी करून टाक, सोमवारी गॉगल लावून मीटिंगला बस."

"गॉगल लावून मीटिंगला कोण बसतं गं?"

"मग बस झोपाळू दिसत!"

झालं. सर्जरीची तारीखही ठरली. त्याआधीच्या तपासणीला तिची कॉलेजातली लेक प्रीता गाडी चालवत घेऊन गेली. नर्सनं विचारलं, कुठली औषधं घेता?

"काहीच नाही."

डोळे कोरडे पडतात?

"छे! उलट सारखं पाणी येतं."

मी पर्समध्ये जळफळले. काहीच नाही? मग मी कोण, पाणीपुरीचं पाणी? तुम्ही लोक गोळी गिळलीत तरच ते औषध. थेंब, मलम, चूर्ण, हे सगळं तुमच्या लेखी 'असंच'. आणि हे 'असंच' लपवून तुम्ही डोळ्यापाशी सुरी नेऊ देता!

डॉक्टरबाईंनी प्रखर दिवा लावून पापणी मोजली. मग आरसा आणायला पाठ फिरवली. सुलेखाचे डोळे पेटले होते. हात सवयीनं पर्समध्ये गेला, न बघता झाकण उघडलं, मान मागे, थेंब आत.

"आई, नॉट अगेन!" प्रीता ओरडली.

डॉक्टरबाई गर्रकन वळल्या. "ते काय आहे?"

"नथिंग. जस्ट ड्रॉप्स."

"दिवसातून किती वेळा?"

सुलेखानं लेकीकडे पाहिलं. लेक म्हणाली, "आय स्टॉप्ड काउंटिंग."

बाईंनी आरसा बाजूला ठेवला आणि खुर्ची ओढून बसल्या. माझा थेंब ओसरू दिला, मग खालच्या पापणीत अश्रू मोजायची कागदाची पट्टी अडकवली. थोड्या वेळानं काढली, तर पट्टी पापडासारखी कोरडी!

"तुम्हाला पाणी येतं ते डोळा कोरडा पडून चुरचुरतो म्हणून," बाई म्हणाल्या. "ते गालावरून वाहून जातं, डोळा ओला ठेवत नाही. आज हे न कळता कातडी कापली असती आणि पापणी पुरती मिटेनाशी झाली असती, तर उघडा राहिलेला डोळा आणखी सुकला असता. त्याला जखम झाली असती. नजरेवरही बेतलं असतं."

सुलेखा पुटपुटली, "मग तारीख?"

"कॅन्सल. आधी कोरडेपणावर उपचार. मग बघू कापायचं की नाही."

जिंकले! जिला औषधांत कुणी मोजलं नाही, तिनं सुरी थांबवली!

मग बाईंनी मला उचललं. "ही कधी उघडलीत?"

"दिवाळीत."

बाहेर मार्चचा बर्फ वितळत होता. बाईंनी मला सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

इतर जुन्या वस्तू रडतात, आम्हाला फेकू नका म्हणून. मी ठणकावून सांगते, मला फेका! वेळेवर फेका. उघडल्याची तारीख अंगावर लिहा आणि महिना उलटला की दया नको. पण जिवंत असेन तोवर डॉक्टरपुढे माझं नाव घ्यायला लाजू नका.

मी डब्यात आहे, ताठ मानेनं. सुलेखाचे डोळे अजून तसेच झोपाळू दिसतात. दिसू देत. बघतायत ना!